कॅडबरीतली अळी, बोर्नव्हिटातली साखर

ऑक्टोबर 2003. दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती आणि महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर केले, की मुंबईत विकल्या गेलेल्या कॅडबरी डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्या आहेत. कंपनी म्हणाली, कारखान्यातून चॉकलेट चांगलेच निघते, दुकानदार ते नीट ठेवत नाहीत. प्रशासनाने विचारले, मग वेष्टन असे कसे, की अळी आत शिरते? वर्तमानपत्रांत आणि तेव्हा नुकत्याच बाळसे धरलेल्या वृत्तवाहिन्यांवर हा वाद काही आठवडे रंगला. ऐन सणात कॅडबरीचा खप सुमारे 30 टक्क्यांनी घसरला.

त्यानंतर कंपनीने जे केले ते जनसंपर्काच्या अभ्यासक्रमांत आजही शिकवतात. 'विश्वास' नावाची मोहीम काढून लाखाहून अधिक दुकानदारांकडची साठवण तपासायला घेतली. वेष्टन बदलले, वडी आता जाड, हवाबंद आवरणात येऊ लागली. जानेवारी 2004 मध्ये अमिताभ बच्चन पडद्यावर आले आणि त्यांनी लोकांना खात्री दिली. काही महिन्यांत खप सावरला. ऑक्टोबर ते जानेवारी, म्हणजे संकट आणि उत्तर यांच्यामध्ये तीन महिने होते. त्या तीन महिन्यांत चिडलेल्या ग्राहकाच्या हातात काय होते? वाचकांच्या पत्रव्यवहारात चार ओळी लिहिणे, नाहीतर वाण्याच्या दुकानात पोराला दटावून दुसरे काहीतरी घ्यायला लावणे.

आता एप्रिल 2023 मध्ये या. कंपनी तीच, नाव बदलून मॉन्डेलीझ झालेले. 'फूडफार्मर' या नावाने समाजमाध्यमांवर बोलणाऱ्या रेवंत हिमतसिंगका या तरुणाने बोर्नव्हिटाच्या डब्यावरचा मजकूर कॅमेऱ्यासमोर वाचून दाखवला आणि त्यात साखर किती हे सांगितले. त्याच्यामागे ना वर्तमानपत्र होते, ना सरकारी खाते. लाखो लोकांनी ती चित्रफीत पाहिली. कंपनीने वकिलाची नोटीस पाठवली. त्याने चित्रफीत काढून टाकली, माफीही मागितली. जुन्या हिशेबाने प्रकरण इथे मिटायला हवे होते. झाले उलटेच. नोटिशीची बातमी झाली, लोकांनी ती चित्रफीत स्वतःच्या खात्यांवरून फिरवली, राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने कंपनीकडे विचारणा केली. त्या वर्षाच्या अखेरीस बोर्नव्हिटातली वरून घातलेली साखर सुमारे 14 टक्क्यांनी कमी झाली होती. एप्रिल 2024 मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सांगितले, की बोर्नव्हिटासह अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या सदराखाली विकू नका.

नोटीस पाठवून गोष्ट वाढवून घेण्याच्या या प्रकाराला नावही आहे, स्ट्रायसँड इफेक्ट. गायिका-अभिनेत्री बार्बरा स्ट्रायसँड यांनी 2003 मध्येच कॅलिफोर्नियातल्या किनाऱ्याच्या हवाई छायाचित्रांपैकी एकावरून छायाचित्रकारावर 5 कोटी डॉलरचा दावा लावला, कारण त्यात त्यांचे घर दिसत होते. दाव्यापूर्वी ते छायाचित्र फक्त सहा वेळा उतरवले गेले होते आणि त्यातले दोन वेळा त्यांच्याच वकिलांनी. दाव्याची बातमी झाल्यावर महिनाभरात चार लाखांहून अधिक लोक ते पाहून गेले. कंपन्यांच्या विधी विभागांना हा धडा अजून पचलेला दिसत नाही. जनसंपर्क विभाग 'नोटीस नको' म्हणतो, विधी विभाग 'हवीच' म्हणतो, आणि बहुतेक ठिकाणी विधी विभागाचे वजन जास्त असते.

या वीस वर्षांत जनसंपर्काच्या धंद्यात नेमके काय बदलले, हे विचारले की लोक फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप अशी माध्यमांची यादी वाचतात. मला ती यादी दुय्यम वाटते. माझ्या मते मुख्य बदल असा, की या धंद्यातला प्रामाणिक भाग फार अवघड झाला आणि अप्रामाणिक भाग फार सोपा. दोन्हींचे कारण एकच. पूर्वी कंपनी आणि लोक यांच्या मध्ये वर्तमानपत्राची कचेरी होती. ती आता मध्ये असतेच असे नाही.

ही मधली कचेरी किती महत्त्वाची होती ते या व्यवसायाच्या जन्मकथेतच दिसते. 28 ऑक्टोबर 1906 रोजी अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेल्वेची गाडी पुलावरून पाण्यात कोसळली आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. त्या काळच्या रेल्वे कंपन्या अपघात दडवायच्या. पेनसिल्व्हेनिया रेल्वेचे काम पाहणारा आयव्ही ली हा पूर्वाश्रमीचा बातमीदार होता. त्याने काय घडले ते लिहून वर्तमानपत्रांना स्वतःहून दिले आणि बातमीदारांना घटनास्थळी नेण्याची सोय केली. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्याचे निवेदन जसेच्या तसे छापले. पहिली प्रेसनोट म्हणून याच कागदाचा दाखला दिला जातो. लीचे शहाणपण असे, की बातमी येणारच आहे, तर ती आपल्याकडून जावी. मात्र ती ज्यांच्याकडे जायची ते संपादक मोजके होते, आणि अंक छापायला जाण्याची वेळ ठरलेली होती.

पुढची शंभर वर्षे हा व्यवसाय त्या मोजक्या माणसांच्या आणि ठरलेल्या वेळेच्या भोवती फिरला. आपल्याकडेही तेच होते. वर्तमानपत्राच्या कचेरीत काम केलेल्या कोणालाही तो पीआरओ, म्हणजे जनसंपर्क अधिकारी, आठवेल. दुपारी चारच्या सुमारास तो येणार, सर्वांची चौकशी करणार, चहा घेणार, आणि निघताना टेबलावर प्रसिद्धिपत्रक ठेवणार. कोणत्या बातमीदाराकडे कोणते खाते आहे, कोणाची सुट्टी कधी, कोणाला आकडे लागतात आणि कोणाला फोटो, हे त्याला तोंडपाठ असे. नंतर फॅक्स आला, मग ई-मेल. मराठीत ई-मेलने एक वेगळाच घोळ आणला. श्रीलिपीच्या फॉन्टात टाइप केलेले पत्रक दुसऱ्या फॉन्टवाल्या संगणकावर उघडले, की सगळी अक्षरे म्हणजे नुसता गाळ. मग त्याच पत्रकाची छापील प्रत घेऊन माणूस पुन्हा कचेरीत. युनिकोड रुळला, व्हॉट्सॲप आले आणि तो त्रास संपला. त्याबरोबर चारचा चहाही संपला. आता बातमीदारांच्या व्हॉट्सॲप गटात पत्रक, फोटो आणि मंत्र्यांच्या भाषणाची चित्रफीत दोन मिनिटांत पडते, आणि तीच पत्रके पाच पोर्टलवर स्वल्पविरामासह सारखी दिसतात. सरकारी पातळीवरही असेच झाले. राज्य शासनाचे माहिती व जनसंपर्क महासंचालनालय एके काळी मुख्यतः 'लोकराज्य' मासिक आणि जिल्हा माहिती कार्यालयांच्या पत्रकांसाठी ओळखले जाई. आज त्याचे 'महासंवाद' हे संकेतस्थळ आणि समाजमाध्यमांवरची खाती थेट नागरिकांसमोर आहेत. जिल्हा माहिती अधिकाऱ्याला आता बातमी लिहिण्याबरोबर चित्रण, संकलन आणि मथळ्याचे पोस्टर हेही करावे लागते.

मोजमापाची गोष्ट तर गमतीची आहे. जुना पीआरओ महिनाअखेरीस कात्रणांची फाइल घेऊन साहेबांकडे जाई. बातमीची लांबीरुंदी फूटपट्टीने मोजायची, त्या पानाच्या जाहिरातदराने गुणायचे, आणि सांगायचे की एवढ्या लाखांची प्रसिद्धी फुकट मिळवून दिली. बातमी चांगली होती की वाईट, कोणी वाचली की नाही, हा प्रश्नच नसे. 2010 मध्ये बार्सिलोनात या क्षेत्रातल्या संस्था जमल्या आणि त्यांनी म्हटले, की जाहिरातीच्या किमतीवरून जनसंपर्काचे मोल ठरत नाही. ठराव झाला तरी सवय गेली नाही. फूटपट्टीच्या जागी आता 'रीच', 'इम्प्रेशन्स' आणि 'लाइक्स' आले, इतकेच. एक कोटी इम्प्रेशन्स हा आकडा कात्रणांच्या फाइलपेक्षा जास्त भारी दिसतो. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो, की एक कोटी वेळा कोणीतरी अंगठ्याने ते चित्र वर सरकवले.

वेळेचा प्रश्न मात्र खरा आणि क्रूर आहे. एप्रिल 2009 मध्ये अमेरिकेत डॉमिनोजच्या एका दुकानातल्या दोन कर्मचाऱ्यांनी पदार्थांशी किळसवाणे चाळे करतानाची चित्रफीत यूट्यूबवर टाकली. कंपनीच्या वरिष्ठाने यूट्यूबवरच येऊन माफी मागितली, पण त्यात साधारण दोन दिवस गेले. आयव्ही लीच्या काळी दोन दिवसांत उत्तर म्हणजे विजेचा वेग. 2009 मध्ये ते उशिराचे ठरले, कारण तोवर दहा लाखांच्या वर लोकांनी ती चित्रफीत पाहिली होती.

आपल्याकडे हा धडा सर्वांत महाग पडला तो नेस्लेला. उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीच्या अन्न निरीक्षकाने 2014 मध्ये मॅगीचे नमुने घेतले. प्रयोगशाळेचा अहवाल आला, शिसे प्रमाणापेक्षा जास्त आणि वेष्टनावर 'एमएसजी घातलेले नाही' असा दावा असताना एमएसजी, म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट, आढळले. ही गोष्ट मे 2015 मध्ये फुटली. महिनाभर देशभरच्या आया आपल्या मुलांना काय खाऊ घातले याचा हिशेब करत होत्या आणि ट्विटरवर थेट कंपनीला विचारत होत्या. कंपनीच्या खात्यावरून त्यांना जवळजवळ एकाच साच्यातले उत्तर मिळत होते, आम्ही एमएसजी घालत नाही, घटकांमध्ये नैसर्गिक ग्लुटामेट असते, अधिक माहितीसाठी हा दुवा पाहा. तांत्रिकदृष्ट्या उत्तर कदाचित बरोबरही असेल. पण आईचा प्रश्न होता, माझ्या पोराला काही होणार नाही ना? त्याला ग्लुटामेट हे उत्तर नव्हे. नेस्लेचे जागतिक प्रमुख पॉल बल्के 5 जून 2015 रोजी दिल्लीत पत्रकारांसमोर आले तेव्हा काही राज्यांनी विक्री थांबवली होती, आणि त्याच दिवशी भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने देशभर बंदी घातली.

पुढचा भाग मुंबईत घडला. 13 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. कंपनीची बाजू ऐकून घेतली गेली नव्हती आणि ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर बंदी बेतली होती त्यांना आवश्यक मान्यता नव्हती, असे न्यायालयाचे म्हणणे होते. म्हणजे कायद्यात कंपनी जिंकली. तोवर हजारो टन मॅगी नष्ट झाली होती, जूनच्या तिमाहीत सुमारे 64 कोटींचा तोटा नोंदला गेला होता आणि भारतातल्या कंपनीचा प्रमुख बदलला होता. न्यायालयात जिंकायला दोन महिने लागले आणि लोकांपुढे हरायला दोन आठवडे. नव्या प्रमुखांच्या काळात कंपनीची भाषा बदलली. त्या वेळच्या जाहिरातींत घराबाहेर राहणारी पोरे मॅगीची आठवण काढताना दिसतात, ग्लुटामेटचे नावही नाही. नोव्हेंबरमध्ये मॅगी परतली आणि एका ऑनलाइन दुकानावर तिचे 60 हजार संच पाच मिनिटांत संपले. मे महिन्यात जी माणसे चिडली होती ती मॅगीवर प्रेम करणारीच होती, हे कंपनीला कळायला अर्धे वर्ष गेले.

सरकारी खात्यांनी या माध्यमाशी जुळवून घेण्यात कधी कधी खासगी कंपन्यांना मागे टाकले. कोकणातले सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना, नोव्हेंबर 2015 मध्ये, शेगावजवळ धावत्या गाडीत एक पुरुष त्रास देत असल्याचे एका महिलेने ट्विटरवर कळवले आणि पाऊण तासाच्या आत रेल्वे पोलीस तिच्या डब्यात पोहोचले. रेल्वेचा जनसंपर्क तोवर प्रामुख्याने उद्घाटनाच्या जाहिराती आणि अपघातानंतरची पत्रके यांत अडकलेला होता. अशा घटनांनी तो तक्रारखिडकी झाला. ते चांगलेच. तरी मनात एक शंका राहते. ट्विटरवर लिहिणाऱ्याची गाडी थांबते, आणि स्थानकातल्या तक्रारवहीत पेनाने लिहिणाऱ्याला आठ महिन्यांनी छापील उत्तर येते. जनसंपर्क विभागाने तक्रारी सोडवायला घेतल्या, की ज्याचा आवाज मोठा त्याची तक्रार आधी सुटते. खात्याची प्रतिमा सुधारते, पण खाते सुधारतेच असे नाही.

मुंबई पोलिसांनी डिसेंबर 2015 मध्ये ट्विटरवर खाते उघडले आणि सिनेमाच्या संवादांवर कोट्या करत हेल्मेट, दारू पिऊन गाडी चालवणे, ओटीपी न सांगणे असे विषय मांडले. पोलीस विनोद करतात हीच मुळी बातमी झाली. पण त्यांचे सर्वांत चांगले काम मला वाटते ते जानेवारी 2020 चे. काही चौकांत सिग्नलला आवाज मोजणारे यंत्र जोडले. आवाज 85 डेसिबलच्या वर गेला, की लाल दिव्याची उलटी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. हॉर्न वाजवा आणि थांबा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हिंदमाता, वांद्रे अशा ठिकाणी हा प्रयोग झाला. त्याची दोन मिनिटांची चित्रफीत जगभर फिरली. एका जाहिरात संस्थेच्या मदतीने आखलेला हा जनसंपर्कच होता, तरी त्यात 'नागरिकांनी सहकार्य करावे' हे वाक्य नव्हते. त्यात फक्त एक कृती होती, ती पाहायला मजा येत होती आणि ती लोकांनी स्वतःच पुढे पाठवली. आजची चांगली मोहीम अशी असते. मुंबईतला हॉर्न त्याने कमी झाला का, हे कोणत्याही चौकात पाच मिनिटे उभे राहिले तरी कळेल.

पूर्वी कंपनीच्या आतले बोलणे आणि बाहेरचे बोलणे वेगळे ठेवता येई. कर्मचाऱ्यांसाठी 'गृहपत्रिका' निघे, लोकांसाठी पत्रक. ही भिंतही पडली. जानेवारी 2025 मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे कर्मचाऱ्यांसमोरचे बोलणे चित्रफितीतून बाहेर आले. आठवड्याला 90 तास काम करायला हवे, रविवारी घरी बसून करता काय, बायकोकडे किती वेळ बघत बसाल, असा त्याचा सूर होता. ते खासगी बैठकीतले, बहुधा थट्टेच्या सुरातले असेल. पण रात्रीत ते देशभर पोहोचले. कंपनीने खुलासा केला तो राष्ट्रउभारणी आणि असामान्य प्रयत्न अशा शब्दांत, आणि त्यावर आणखी चेष्टा झाली. त्यापूर्वी काही महिने पुण्यातल्या एका मोठ्या सल्लागार कंपनीतल्या तरुण कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतर आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेले पत्रही असेच सर्वांसमोर आले होते. त्या पत्राला कोणतीही जनसंपर्क संस्था उत्तर लिहू शकली नसती, आणि लिहूही नये. अशा वेळी उत्तर कामाच्या तासांतच द्यावे लागते.

लोकांचा राग नेहमी न्याय्य असतो असे मात्र नाही. 2019 च्या होळीत सर्फ एक्सेलच्या एका जाहिरातीवर काहींना राग आला. त्यांतल्या अनेकांनी मोबाइलच्या ॲप स्टोअरवर जाऊन मायक्रोसॉफ्ट एक्सेल या कोष्टकाच्या ॲपला एक तारा दिला. 2017 मध्ये स्नॅपचॅटच्या प्रमुखाने भारताला गरीब म्हटल्याची बातमी पसरली तेव्हा लोकांनी रागाने स्नॅपडील हे भारतीय दुकान फोनमधून काढून टाकले. स्नॅपडीलच्या जनसंपर्क अधिकाऱ्याने त्या दिवशी काय करायचे होते? ज्या अपमानाशी आपला संबंध नाही त्याची माफी मागायची, की आपले नाव वेगळे आहे हे समजावत बसायचे? आजच्या जनसंपर्कातला कठीण निर्णय हाच आहे, हा गलका आपल्या ग्राहकांचा आहे का, आणि असला तरी वाकायचे का? ऑक्टोबर 2020 मध्ये तनिष्कने आंतरधर्मीय कुटुंबातल्या डोहाळजेवणाची जाहिरात मागे घेतली आणि कारण दिले, कर्मचाऱ्यांची व दुकानांची सुरक्षितता. सर्फ एक्सेलने आपली जाहिरात मागे घेतली नाही आणि गलका काही दिवसांत ओसरला. तनिष्कवर भ्याडपणाचा आरोप झाला, पण दुकानाच्या काचेआड उभ्या असलेल्या विक्रेतीची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्यांना दोष देणे मला जमत नाही.

आता अप्रामाणिक भागाकडे. विकत घेतलेला आवाज लोकांचा म्हणून खपवणे ही युक्ती नवी नाही. सिग्मंड फ्रॉइडचा भाचा एडवर्ड बर्नेज याने 1929 मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्टर मिरवणुकीत तरुण मुलींना सिगारेट ओढत चालायला लावले आणि ते स्त्रीस्वातंत्र्याचे चिन्ह म्हणून वर्तमानपत्रांना दिले. पैसे तंबाखू कंपनीचे होते, ते त्याने सांगितले नाही. आपल्या वर्तमानपत्रांनाही सोवळे म्हणायचे कारण नाही. 2009 च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीतली 'पेड न्यूज' विसरण्याइतकी जुनी झालेली नाही. पण तेव्हा फसवणुकीला निदान एखादे वर्तमानपत्र, एखादी मिरवणूक लागत होती. आता काही शे खोटी खाती पुरतात. लंडनची बेल पॉटिंजर ही नामांकित जनसंपर्क संस्था दक्षिण आफ्रिकेत मूळच्या सहारनपूरच्या गुप्ता बंधूंसाठी काम करत होती. त्यांच्यावरच्या भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून लक्ष उडवण्यासाठी गोऱ्यांच्या मक्तेदारीविरुद्ध वांशिक चीड पेटवणारी मोहीम चालली, आणि त्यात खोटी ट्विटर खातीही होती. सप्टेंबर 2017 मध्ये ब्रिटनमधल्या व्यावसायिक संघटनेने तिला काढून टाकले आणि काही दिवसांत ती संस्था बुडाली. हे पकडले गेलेले प्रकरण होते.

भारतातला रोजचा प्रकार याहून सौम्य आणि अधिक व्यापक आहे. आज जनसंपर्क संस्थेच्या यादीत बातमीदारांच्या नावांबरोबर इन्फ्लुएन्सरांची नावे असतात, आणि त्यांच्यापुढे दर लिहिलेले असतात. रील एवढ्याचे, स्टोरी एवढ्याची. छोट्या हॉटेलांशी आणि साडीच्या दुकानांशी 'बार्टर' चालतो, जेवण किंवा साडी फुकट, बदल्यात कौतुक. मुंबईतल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेने जून 2021 पासून अशा मजकुरावर ठळक लेबल लावण्याचा नियम केला. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार पैसेच नव्हे, फुकट वस्तू, प्रवास किंवा सवलत मिळाली असली तरी ते सांगणे बंधनकारक आहे. दिशाभूल केल्यास पहिल्यांदा 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. गावोगावच्या इन्फ्लुएन्सरांपर्यंत हे नियम कितपत पोहोचले ते आपल्याच फोनवर दिसते.

खोटेपणाची हद्द फेब्रुवारी 2024 मध्ये झाली. अभिनेत्री पूनम पांडे यांच्या स्वतःच्या इन्स्टाग्राम खात्यावर त्यांच्या मृत्यूची घोषणा झाली, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने. खाते अधिकृत म्हणून वाहिन्यांनी बातमी चालवली. दुसऱ्या दिवशी त्या जिवंत समोर आल्या, म्हणाल्या की जागृतीसाठी केले. या मोहिमेत असलेल्या डिजिटल संस्थेला माफी मागावी लागली. त्या रोगाने घरचे माणूस गमावलेल्यांना त्या एका दिवसात काय वाटले असेल याचा विचार त्या मोहिमेच्या बैठकीत कोणी केला नसावा. अधिकृत खाते म्हणजे खरी बातमी, या समजुतीचेही त्या दिवशी नुकसान झाले. आधीच ती समजूत डळमळीत आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये ट्विटरवर आठ डॉलर भरून निळी खूण घेतलेल्या एका खोट्या खात्याने एली लिली या औषध कंपनीच्या नावाने 'इन्सुलिन आता मोफत' असे लिहिले, आणि कंपनीला खुलासा करावा लागला, की मोफत नाही. औषध मोफत नाही असे सांगून माफी मागण्याची वेळ कोणत्या पीआरओवर पूर्वी आली असेल? एप्रिल 2024 मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारालाही सांगावे लागले, की आमचे प्रमुख आशिषकुमार चौहान शेअर खरेदीचा सल्ला देताना दिसतात त्या चित्रफिती बनावट आहेत. चेहरा त्यांचा, आवाज त्यांच्यासारखा. आपल्या माणसाने हे म्हटलेले नाही, हे सिद्ध करणे हे या धंद्यातले नवे काम आहे.

हे सगळे करणाऱ्या माणसाचा दिवस कसा असतो? मोठ्या संस्थांत आता पडद्यांची खोली असते, तिथे कंपनीचे नाव कुठे निघते ते चोवीस तास पाहिले जाते. लहान संस्थांत हेच काम एक पंचविशीची मुलगी फोनवर करते, रात्री साडेअकरालाही. तिला बातमी लिहिता यावी लागते, चित्रफीत कापता यावी लागते, मराठीतला टोमणा इंग्रजीत साहेबांना समजावता यावा लागतो, आणि उत्तर द्यायचे की गप्प बसायचे हे दहा मिनिटांत ठरवावे लागते. पण तिच्या हातात एक गोष्ट क्वचितच असते, कंपनी जे करते आहे ते बदलण्याचा अधिकार. वेष्टन, साखर, कामाचे तास हे निर्णय दुसऱ्या मजल्यावर होतात आणि त्यांचा जाब तिला विचारला जातो. जी कंपनी या मुलीला निर्णयाच्या बैठकीत बसवते तिला संकटे कमी येतात असे मी म्हणणार नाही, पण ती आली तर तिच्याकडे सांगण्यासारखे काही तरी असते.

वाचकाच्या बाजूने सांगायचे तर, एखाद्या वस्तूची, दवाखान्याची, शेअरची किंवा नेत्याची भरभरून स्तुती करणारे रील दिसले, की आधी त्यावर 'जाहिरात' किंवा 'पेड पार्टनरशिप' असे लिहिले आहे का ते बघा. लिहिलेले नसेल आणि शंका येत असेल, तर जाहिरात मानक परिषदेकडे तक्रार करता येते. त्यासाठी पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही.